नॅशव्हिलचा एक वीकएंड: फुटबॉल, कंट्री संगीत आणि योग्य वेळी गप्प राहणं

अमेरिकेत नव्यानं आलेल्या, किंवा मुलांकडे दोन-तीन महिने राहायला आलेल्या मराठी मंडळींकडून दोन तक्रारी हमखास कानावर येतात. एक म्हणजे, "हे अमेरिकन फुटबॉल दर पाच सेकंदांनी थांबतं, त्यात बघायचं काय?" आणि दुसरी, "कंट्रीची सगळी गाणी सारखीच वाटतात." दोन्ही मतं टीव्हीसमोर नाहीतर गाडीतल्या रेडिओवर तयार झालेली असतात. माझा या दोन्ही गोष्टींवर फार जीव आहे, आणि माझं सांगणं एवढंच की एकदा समोर जाऊन बसा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि मैदानावरचं निम्मं नाट्य फ्रेमबाहेर राहतं. रेकॉर्डिंगमध्ये गायक पुढे येतो आणि मागच्या वादकांची कमाल दबून जाते.

दोन्ही एकाच वीकएंडला बघायचं असेल तर टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल गाठावं. कंबरलँड नदीच्या एका काठावर कंट्री संगीताचा ब्रॉडवे रस्ता, समोरच्या काठावर टेनेसी टायटन्स या फुटबॉल संघाचं निसान स्टेडियम, आणि मधे पायी ओलांडायचा पूल. दोन्हीकडे नवख्या माणसाला मुख्य गोष्ट एकच शिकावी लागते, ती म्हणजे कधी ओरडायचं आणि कधी गप्प राहायचं. ते जमलं की बाकीचं आपोआप येतं.

आधी सामन्याची तारीख, मग विमान

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, मुख्य हंगाम सप्टेंबरच्या सुरुवातीला, आपल्या गणपतीच्या आसपास सुरू होतो आणि जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो. 32 संघ, प्रत्येकाचे 17 सामने, त्यातले 8 किंवा 9 घरच्या मैदानावर. म्हणजे नॅशव्हिलमध्ये सामना असलेले रविवार मोजकेच. वेळापत्रक मे महिन्यात जाहीर होतं. ते हातात आल्याशिवाय हॉटेल-विमानाला हात लावू नका. ऑगस्टमधले सामने सरावाचे असतात. तिकीट स्वस्त असतं, पण मोठे खेळाडू थोडा वेळ खेळून बाहेर बसतात, त्यामुळे पहिल्या अनुभवासाठी ते नकोत.

महिना निवडताना हवेचा विचार करा. सप्टेंबरमध्ये दुपारी कडक ऊन असतं, डिसेंबरात नदीवरचा वारा हाडं गोठवतो. ऑक्टोबर सगळ्यात चांगला. बहुतेक सामने रविवारी दुपारी बाराला सुरू होतात, पण हंगामाचे पहिले काही आठवडे सरले की टीव्हीच्या सोयीनं वेळ पुढे-मागे होऊ शकते. म्हणून परतीचं विमान सोमवारचंच ठेवा.

भारतातून येणार असाल तर निघण्याआधी घरी थोडी तयारी करता येते. नॅशव्हिलचा दुपारी बाराचा सामना भारतात रात्री साडेदहाला दिसतो, नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की साडेअकराला. आणि नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम हे रेडिओ स्टेशन इंटरनेटवर ऐकता येतं. त्यावरचा ओप्री हा कंट्री संगीताचा जुना कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी सातला असेल तर पुण्या-मुंबईत तो रविवारी पहाटे साडेपाचला लागतो, हिवाळ्यात साडेसहाला.

तिकीट कुठलं घ्यायचं

तिकीट मोबाइलवरच येतं, कागदी मिळत नाही. किंमत समोरचा संघ कोण यावर ठरते आणि पैसे भरायच्या शेवटच्या पानावर फी वाढते, तेव्हा तुलना त्या शेवटच्या आकड्याचीच करा. टायटन्सनी 2024 मध्ये 17 पैकी फक्त 3 सामने जिंकले. नव्या खेळाडूंच्या वाटपाला ड्राफ्ट म्हणतात आणि त्यात तळाच्या संघाला पहिली पाळी मिळते. त्याच जोरावर 2025 च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड त्यांना मिळाली आणि त्यांनी कॅम वॉर्ड हा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल ठरवून चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, घेतला. संघाचे दिवस वाईट असतात तेव्हा तिकिटं सहज मिळतात, आणि शिकायला आलेल्या माणसाला ते बरंच आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं मैदानालगतच्या खुर्चीचा मोह धरू नये. खालून सगळे खेळाडू एका रेषेत दिसतात आणि काही कळत नाही. वरच्या मजल्यावर, पण मैदानाच्या मध्याच्या जवळची जागा घ्या. तिथून 22 खेळाडूंची मांडणी पटासारखी उलगडते. पश्चिमेकडच्या स्टँडमध्ये सावली लवकर येते, हेही सप्टेंबरात महत्त्वाचं. शेजारीच छत असलेलं नवं स्टेडियम बांधलं जातंय आणि 2027 च्या हंगामात संघ तिकडे जायचा आहे. उघड्यावरच्या या जुन्या मैदानाची मजा ज्यांना घ्यायची आहे त्यांनी लांबणीवर टाकू नये.

खेळ समजून घ्यायला अर्धा तास

मैदान 100 यार्डांचं, दोन्ही टोकांना 10-10 यार्डांचे एंड झोन. प्रत्येक बाजूचे 11 जण. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचं असतं. या प्रयत्नाला डाऊन म्हणतात. 10 यार्ड झाले की नवे चार डाऊन, नाही झाले तर चेंडू समोरच्यांकडे. म्हणून तीन डाऊनमध्ये जमलं नाही तर संघ बहुतेक वेळा चौथ्याला लांब लाथ मारून चेंडू दूर पाठवतो, किंवा गोलखांब टप्प्यात असतील तर त्यांच्यामधून किक मारून 3 गुण घेतो. चेंडू एंड झोनमध्ये नेला तर टचडाउनचे 6 गुण. त्यावर साध्या किकचा 1, किंवा दोन यार्डांवरून आणखी एक चाल यशस्वी केली तर 2. पिवळं फडकं पडलं म्हणजे कुणीतरी नियम मोडला. एवढ्यावर सामना कळतो, बाकीचं शेजारी बसलेला माणूस सांगतो. नवखा आहे म्हटलं की इथली माणसं भरभरून समजावतात.

खेळ सारखा थांबतो म्हणणाऱ्या क्रिकेटप्रेमींनी आठवून बघावं. दोन चेंडूंच्या मधे कर्णधार फील्डर हलवतो, गोलंदाज मनाशी काही ठरवतो, फलंदाज ते ओळखायचा प्रयत्न करतो. इथंही दोन चालींमधल्या चाळीस सेकंदांत तेच चालतं, फक्त 22 जणांमध्ये एकदम.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला पाव भाग, चेंडूकडे बघूच नका. चेंडूभोवती ओळीनं वाकून बसलेले जे पाच धिप्पाड खेळाडू असतात, त्यांच्याकडे बघा. मधला सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो, त्या क्षणी हे पाच जण काय करतात? ते मागे सरकून ताठ उभे राहिले, तर क्वार्टरबॅक चेंडू फेकणार. ते खाली वाकून समोरच्यांना ढकलत पुढे घुसले, तर कुणीतरी चेंडू घेऊन पळणार. पाच-सहा चालींनंतर तुम्हाला चेंडूआधीच चाल कळायला लागते. मग बचाव करणाऱ्यांना काय दिसतंय, ते कशानं फसतायत हेही दिसू लागतं. या पाच जणांच्या नावावर ना टचडाउन लागतं ना मथळे. 2020 मध्ये टायटन्सचा डेरिक हेन्री एका हंगामात 2,027 यार्ड धावला, तो त्यांनी उघडून दिलेल्या फटींमधून.

शुक्रवार: ब्रॉडवे

विमानतळावरून सामान टाकून थेट लोअर ब्रॉडवेवर या, पण दुपारी. इथल्या बारना हाँकी-टाँक म्हणतात. सकाळी दहा-अकरापासून रात्री उशिरापर्यंत एकामागून एक बँड पाळीनं वाजवत असतात आणि बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट असतो. दुपारी गर्दी कमी असते, वादकांच्या चार हातांवर उभं राहता येतं. मुलं बरोबर असतील तर दुपारशिवाय पर्यायच नाही, कारण संध्याकाळनंतर बऱ्याच ठिकाणी 21 वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा, केस पांढरे असले तरी विचारतात.

काही वर्षांपासून मोठ्या गायकांच्या नावाचे तीन-चार मजली बार इथं उभे राहिलेत. तिथं बहुतेक रॉकच जोरात वाजतं. मी पाहुण्यांना रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्डमध्ये नेते. जागा अरुंद, भिंतीवर काउबॉय बुटांच्या रांगा, आणि संगीत जुन्या वळणाचं. 1960 पासूनचा टूट्सीज ऑर्किड लाउंजही बघावा. त्याचा मागचा दरवाजा ज्या गल्लीत उघडतो, तिच्या पलीकडे रायमन सभागृह आहे.

फुकट प्रवेशाचा अर्थ नीट समजून घ्या. या वादकांची कमाई मुख्यतः टिपांवर चालते. मध्येच कुणीतरी बादली फिरवतं, हल्ली कोड स्कॅन करूनही देता येतं. दोन गाणी ऐकून निघालात तरी माणशी निदान पाच डॉलर टाका. फर्माईश करायची असेल तर वीस. इथले ड्रमर आणि गिटारवादक एरवी स्टुडिओत नामवंतांच्या मागे वाजवणारे असू शकतात. त्यांना सुट्टी नाण्यांवर बोळवू नये. इथं टाळ्या, शिट्ट्या, नाच, सगळं चालतं.

खाण्याचं इथंच सांगून टाकते. नॅशव्हिलचं हॉट चिकन खरोखर तिखट असतं, कोल्हापूरकरांनीही आधी 'मीडियम' मागवावं. शाकाहाऱ्यांनी दक्षिणेतल्या भाज्यांबाबत सावध राहावं. फरसबी, बीन्स, पालेभाज्या पुष्कळदा डुकराच्या मांसाच्या तुकड्यांबरोबर शिजवलेल्या असतात आणि मेन्यूवर ते लिहिलेलं नसतं. प्रत्येक वेळी विचारा.

शनिवार: ओप्री

ग्रँड ओल ओप्री हा रेडिओवरचा कार्यक्रम आहे. 28 नोव्हेंबर 1925 ला डब्ल्यूएसएमवर 77 वर्षांच्या अंकल जिमी थॉम्प्सन यांच्या फिडलवादनानं (फिडल म्हणजे व्हायोलिनच) तो सुरू झाला आणि आजही चालू आहे. 1943 ते 1974 तो रायमनमध्ये होत असे. रायमन 1892 मध्ये प्रार्थनेसाठी बांधलं गेलं होतं, म्हणून तिथं अजूनही खुर्च्यांऐवजी लाकडी बाकं आहेत. 1974 मध्ये ओप्री शहराबाहेरच्या नव्या सभागृहात गेलं तेव्हा रायमनच्या रंगमंचाचा सहा फुटांचा गोल तुकडा कापून नव्या रंगमंचाच्या मध्यभागी बसवला. गायक आजही त्या गोलावर उभे राहून गातात, आणि पहिल्यांदा तिथं येणाऱ्या तरुण गायकाच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

मे 2010 च्या महापुरात कंबरलँड नदी स्टेडियमच्या मैदानातही शिरली आणि ओप्रीतही. रंगमंचावर पाणी चढलं, तो गोल बुडाला. लोकांनी तो वाचवला, दुरुस्त केला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर सभागृह पुन्हा उघडलं. मधल्या काळात कार्यक्रम शहरातल्या दुसऱ्या रंगमंचांवर चालू राहिला.

ओप्री हाउस ब्रॉडवेपासून गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर आहे. दोन तासांत बरेच कलाकार येतात, प्रत्येकाची दोन-तीन गाणी. कोण गाणार ते आधी जाहीर होतं, पण माझा सल्ला असा की आवडत्या नावासाठी अडून बसू नका. ओप्रीची खासियतच ही की ऐंशीच्या घरातले गायक आणि पंचविशीतली मुलगी एकाच रात्री ऐकायला मिळतात. कार्यक्रम थेट प्रसारित होत असल्यानं निवेदक मधे जाहिराती वाचतो. तोही परंपरेचाच भाग आहे, तेव्हा कंटाळून फोन काढू नका.

आपल्या कानांना इथं पहिली ओळख पटते ती पेडल स्टीलची. वादक बसलेला, समोर टेबलासारखं सपाट वाद्य, बहुधा दहा तारा. डाव्या हातात धातूची दांडी, ती तारांवरून सरकवायची. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. शिवाय पाय पेडलवर आणि गुडघे तरफांवर, तार छेडल्यानंतर तिचा सूर वर-खाली ओढायला. असा सूर एका जागेवरून दुसरीकडे वळत जातो तेव्हा मींड ऐकत मोठी झालेली माणसं आपसूक पुढे सरकून बसतात. याचं मूळ हवाईयन गिटारमध्ये आहे, आणि त्याच हवाईयन गिटारनं आपल्या जुन्या हिंदी चित्रपटगीतांत घर केलं. गिटारवादक व्हॅन शिपलींच्या रेकॉर्ड ज्यांच्या घरी वाजल्या असतील त्यांना हा आवाज परका वाटणार नाही. सगळी गाणी सारखीच वाटतात म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की एक कार्यक्रम गायकाकडे न बघता पेडल स्टील आणि फिडलकडे बघत ऐका. शब्दांच्या ओळी संपतात तिथं हे दोघं काय उत्तर देतात ते ऐका. बँजोचं मूळ आफ्रिकेत आहे, आणि ओप्रीच्या सुरुवातीच्या लाडक्या कलाकारांत डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होता, हेही माहीत असावं. हे संगीत एका रंगाच्या लोकांचं कधीच नव्हतं.

ओप्रीचं तिकीट मिळालं नाही, किंवा शब्दांवर तुमचं जास्त प्रेम असेल, तर ब्लूबर्ड कॅफे बघा. 1982 पासून ग्रीन हिल्समधल्या एका साध्या दुकानरांगेत चाललेली ही नव्वदएक खुर्च्यांची जागा आहे. खोलीच्या मधोमध चार गीतकार समोरासमोर बसतात आणि आळीपाळीनं आपली गाणी गातात, प्रत्येक गाणं कसं सुचलं ते सांगत. इथं बोलायला सक्त बंदी. कुजबुज केलीत तर कर्मचारी येऊन गप्प करतात, आणि त्यात काहीच वावगं नाही, कारण हातभर अंतरावर कुणीतरी आपल्या वडिलांवरचं गाणं म्हणत असतं. ऑनलाइन नोंदणी उघडल्या-उघडल्या जागा जातात, त्यामुळे दिवस लक्षात ठेवून बसावं लागतं.

रविवार: पूल ओलांडून

पिशवीचा नियम आदल्या रात्रीच बघून ठेवा. स्टेडियममध्ये फक्त पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चालते, 12 बाय 6 बाय 12 इंचांपर्यंत, आणि सोबत हाताच्या पंजाएवढं छोटं पाकीट. पर्स, पाठीवरची सॅक, कॅमेऱ्याची पेटी दारातून परत पाठवतात. आत रोख चालत नाही, कार्ड लागतं. तिकीट फोनमध्ये आहे, म्हणून फोन पूर्ण चार्ज करून निघा.

डाउनटाउनमध्ये राहत असाल तर गाडी काढूच नका. जॉन सीगेनथॅलर पादचारी पुलावरून चालत जा. सामन्याच्या दोन-अडीच तास आधी पोचलात तर पार्किंगमधलं टेलगेटिंग बघायला मिळतं. लोक गाड्यांची मागची दारं उघडून शेगड्या पेटवतात, खुर्च्या मांडतात, आणि हमखास कुठूनतरी कंट्री वाजत असतं. सुरुवातीला बुजल्यासारखं होईल. तरी कुणाच्या तरी जर्सीबद्दल विचारा, कुणाच्या स्मोकरमध्ये काय शिजतंय ते विचारा. दक्षिणेतल्या माणसांना बोलायला आवडतं, खायलाही देतात.

राष्ट्रगीताला टोपी काढून उभं राहा. त्यानंतर खरा धडा सुरू होतो. टायटन्सकडे चेंडू असताना ओरडायचं नाही. त्यांचा क्वार्टरबॅक ओरडून सहकाऱ्यांना खुणा देत असतो, त्या ऐकू गेल्या पाहिजेत. समोरच्या संघाकडे चेंडू गेला की मात्र घसा मोकळा सोडायचा, आणि त्यांचा थर्ड डाऊन असेल तर उभं राहून. कारण साधं आहे: खुणा ऐकू आल्या नाहीत की एखादा खेळाडू वेळेआधी हलतो, पिवळं फडकं पडतं आणि पाहुण्यांचे पाच यार्ड जातात. प्रेक्षकांच्या आवाजानं मैदानातलं अंतर खरोखर बदलतं. असा खेळ घरात बसून बघणं मला म्हणूनच पटत नाही.

शेजारच्याशी ओळख वाढवायची असेल तर 8 जानेवारी 2000 ची आठवण काढा. बफेलो बिल्सविरुद्ध प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा, सामना याच मैदानावर होता. टायटन्स 15-16 असे मागे, 16 सेकंद उरलेले. बिल्सनी किक मारली. लॉरेन्झो नीलनं चेंडू घेतला, फ्रँक वायचेकला दिला, आणि वायचेकनं तो मैदानाच्या पार दुसऱ्या कडेला केव्हिन डायसनकडे फेकला. चेंडू आडवा किंवा मागे फेकला तर कितीही वेळा चालतो, पण किक परतवताना तसूभरही पुढे गेला तर चाल रद्द. डायसन 75 यार्ड कुणाचा हात न लागता धावला. पंचांनी पुन्हापुन्हा चित्रीकरण बघितलं आणि फेक वैध ठरवली. 22-16. बफेलोतली माणसं अजून मानत नाहीत. तीनच आठवड्यांनी सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, शेवटच्या चालीवर हाच डायसन, हात लांब करून, एंड झोनपासून एक यार्डावर पाडला गेला, आणि सेंट लुइस रॅम्स 23-16 जिंकले. इथल्या पन्नाशीच्या माणसाला या दोन्ही चाली विचारा, तो हातवारे करून दाखवेल.

वायचेक डिसेंबर 2023 मध्ये 52 व्या वर्षी गेले. खेळताना डोक्याला बसलेल्या माराबद्दल ते उघडपणे बोलत असत. या खेळावर प्रेम करणाऱ्यानं त्याची ही बाजू डोळ्यांआड करू नये असं मला मनापासून वाटतं. सामन्यात कुणी मार लागून पडला आणि उठला नाही तर दोन्ही संघ गुडघ्यावर बसतात आणि हजारो माणसं शांत होतात. तेव्हा फोन वर करून चित्रण करू नका. तो चालत बाहेर गेला की टाळ्या वाजवा, मग तो कुठल्याही संघाचा असो.

सामना संपल्यावर

सामना सव्वातीन तासांच्या आसपास चालतो. शिटी वाजताच सगळे एकदम निघतात, तेव्हा पंधरा-वीस मिनिटं जागेवरच बसा. एकदा स्टेडियमबाहेर पडलात की पुन्हा आत घेत नाहीत, हे मध्यंतरातच लक्षात ठेवा. टॅक्सी स्टेडियमच्या दाराशी बोलावू नका, पूल ओलांडून पलीकडे गेल्यावर बोलावलेली लवकर मिळते आणि स्वस्तही पडते.

अंगात त्राण उरलं असेल तर रविवारची रात्र गल्च भागातल्या स्टेशन इनला द्या. बुटकी दगडी इमारत, आत साध्या खुर्च्या, आणि ब्लूग्रास, म्हणजे बँजो-फिडलवरचं कंट्रीच्या नात्यातलं संगीत. रविवारी तिथं जॅम करायची जुनी रीत आहे, गावातले वादक आपापली वाद्यं घेऊन येतात आणि गोल करून बसतात. जाण्याआधी त्यांचं कॅलेंडर तपासा आणि लवकर पोचा, कारण जागा फार नाहीत. हंगाम नसताना आलात, उदाहरणार्थ जूनमध्ये, तर सीएमए फेस्ट या कंट्री संगीताच्या महोत्सवाची तारीख बघा. तेव्हा याच निसान स्टेडियमवर चार रात्री कंट्रीच्या मैफली होतात, आणि एंड झोन असतो तिथं रंगमंच उभा राहतो.